मूळवर्गीय भाज्या आणि खतांची सांगड

गाजर, मुळा, बीट, रताळे या मूळवर्गीय भाज्यांत खाण्याचा भाग जमिनीतच पोसला जात असल्याने मातीतील अन्नाइतकेच तिच्या भुसभुशीतपणालाही महत्त्व येते. गव्हाचे मूळ ढेकळाला वळसा घालून गेले तरी ओंबीत त्याची खूण उरत नाही. गाजर मात्र वाकडे होते, त्याला फाटे फुटतात आणि बाजारात त्याचा भाव उतरतो. सेंद्रिय खत श्रेष्ठ की रासायनिक, हा वाद या पिकांना म्हणूनच फारसा लागू पडत नाही, कारण येथे दोन्ही खतांची कामेच वेगळी आहेत.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असते. दहा टन शेणखतातून सुमारे 50 किलो नत्र शेतात जाते खरे, परंतु त्यातील बरेचसे सेंद्रिय संयुगांत बांधलेले असल्यामुळे सूक्ष्मजीव ते मोकळे करतील तसतसेच पिकाच्या हाती लागते आणि पहिल्या हंगामात त्याचा काही अंशच मिळतो. युरियात नत्र 46 टक्के असून ते थोड्याच दिवसांत उपलब्ध होते, पण मातीची घडण सुधारण्याचे सामर्थ्य युरियात नाही. ते काम ह्यूमसचे, म्हणजे सेंद्रिय पदार्थ कुजून उरणाऱ्या काळसर द्रव्याचे, जे मातीचे कण रवाळ ठेवते आणि ओलावा धरते.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी 1843 साली सुरू केलेल्या प्रयोगांतून हा भेद स्पष्ट झाला. तेथील ब्रॉडबाल्क शेतात गव्हाला रासायनिक खतांनी शेणखताच्या तोडीचे उत्पादन दिले. परंतु बार्नफील्ड शेतात, जेथे शलगम आणि पुढे बीटवर्गीय पिके घेतली गेली, शेणखताच्या जोडीला नत्रखत मिळालेले तुकडे केवळ रासायनिक खतांवरील तुकड्यांच्या पुढे राहिले.

शेणखत कुजलेले हवे, ही अट मात्र मोडता येत नाही. कच्च्या शेणखताने गाजराला फाटे फुटतात, त्यातून हुमणीच्या अळ्या शेतात येतात, आणि त्यात काडीकचरा फार असल्यास तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र उचलतात व कोवळे पीक पिवळे पडते. पूर्वमशागतीच्या वेळी, शेवटच्या कुळवाच्या पाळीपूर्वी ते मिसळणे म्हणूनच सोयीचे ठरते.

स्फुरद मातीत फारसे सरकत नाही आणि चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत चुन्याशी बांधले जाते. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून पेरणीच्या वेळी मुळांच्या कक्षेत दिल्यास हे बांधले जाणे काहीसे कमी होते. पानांत तयार झालेली शर्करा मुळांकडे वाहून नेण्यास पालाश लागते, त्यामुळे रताळ्यासारख्या पिकात त्याची उणीव थेट पोसण्यावर दिसते. बीटच्या गाभ्यात काळे डाग पडणे हे बोरॉनच्या कमतरतेचे लक्षण असून माती परीक्षणानंतर थोडा बोरॅक्स दिल्यास ते टाळता येते. नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे लागते: काही भाग पेरणीवेळी आणि उरलेला विरळणी झाल्यावर वाफशावर, मुळे पोसू लागण्याआधी. त्यानंतर पडलेला युरिया पाला वाढवतो, आणि हिरव्यागार दिसणाऱ्या वाफ्यातून बोटाएवढी गाजरे निघतात.