बारावीच्या आधी एफवायचा एक पेपर

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावरून कर्जतकडे वळणारा रस्ता चौक फाट्यावर सुटतो. इथल्या आणि आसपासच्या वाड्या-पाड्यांवरच्या मुलांना दहावीनंतर शिकायचे तर पुष्कळदा कर्जत, खोपोली किंवा पनवेल यांपैकी एक वाट धरावी लागते. एसटी किंवा टमटम पकडून निघालेल्या अशा मुलीला कुणी विचारले, तर ती सहज सांगते, ‘कॉलेजला चालले.’ घरचेही तेच सांगतात. बोलण्यात ती कॉलेजात गेली, नियमात मात्र ती अजून शाळेतच आहे. अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, परीक्षा मंडळाची आणि पाठ्यपुस्तकेही मंडळाच्या साच्यातली. त्याच आवारात, पुष्कळदा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर एफवायचे वर्ग भरतात. ते मात्र विद्यापीठाचे. ज्युनियर आणि सीनियर यांच्यामधली ही भिंत विटांची नाही, कागदाची आहे. तिला एक लहानसे दार पाडावे, म्हणजे अकरावी-बारावीतल्या विद्यार्थ्याला पदवीचा एखादा पेपर आधीच शिकता यावा आणि त्याचे श्रेयांक पुढे मोजले जावेत, ही कल्पना जगात जुनी आहे. आपल्याकडे मात्र ती हुशार मुलांची हौस समजून बाजूला ठेवली जाते. खरे पाहता तिची जास्त गरज आहे ती बारावीनंतर शिक्षण सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांना.

पहिला प्रश्न वयाचा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विद्यापीठाचा अभ्यास झेपेल का? महाराष्ट्राच्या इतिहासाने याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, आणि मॅट्रिक ही मुळात विद्यापीठाचीच प्रवेशपरीक्षा. ती पास झाला की मुलगा थेट कॉलेजात. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि १९०८ च्या सुरुवातीला एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांना सतरावे पुरे झाले नव्हते. याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा सोळा वर्षांचे होते. ही असामान्य माणसे होती हे खरे, पण त्यांच्या वर्गात बसणारी सामान्य मुलेही साधारण त्याच वयाची होती. पुढेही अनेक वर्षे आपल्याकडे अकरा वर्षे शाळा आणि चार वर्षे पदवी असा हिशेब होता. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाच्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि तो हिशेब दहा, दोन आणि तीन असा बदलला. एकूण वर्षे दोन्हीकडे पंधराच. म्हणजे आज आपण ज्याला बारावी म्हणतो, ते शिक्षणाचे बारावे वर्ष जुन्या पद्धतीत कॉलेजचे पहिले वर्ष होते. मुलांचे वय आणि मेंदू तोच राहिला. बदलली ती वर्षावरची पाटी.

ही पाटी आजही सगळ्यांना सारखी लागू नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेला मुलगा सोळाव्या वर्षी यंत्रे, विद्युतमंडले आणि बांधकाम शिकू लागतो. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की त्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमात शिकलेले पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तोलाचे आहे, हे आपण अशा रीतीने मान्य केले आहे आणि त्याने अभियांत्रिकी पदवीची प्रतिष्ठा ढासळल्याचे कुणी म्हणत नाही. म्हणजे तत्त्वाला आपला विरोध नाही. ते आपण फक्त तंत्रशिक्षणापुरते राखून ठेवले आहे. कला किंवा वाणिज्य शाखेत अकरावीला गेलेल्या मुलीने अर्थशास्त्राचा पदवी पातळीचा पेपर उत्तम सोडवला, तरी तो नोंदवून ठेवायला आपल्याकडे रकानाच नाही.

हा रकाना कुणाला लागतो, ते चौकमधून पाहिले की नीट कळते. सरनोबत नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाणारे हे गाव, त्याच्या मागे उभा इर्शाळगड आणि आजूबाजूला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीतली विशेष दुर्बल आदिवासी जमात. दुसरीकडे खोपोली-रसायनी पट्ट्यातले कारखाने, गोदामे आणि फार्महाऊस. बारावी झालेल्या मुलासमोर इथे दोन गोष्टी एकाच वेळी उभ्या राहतात: आज हातात पडणारा पगार आणि तीन वर्षांनी कदाचित मिळणारी पदवी. मुलीसमोर तिसरी गोष्टही असते, स्थळाची. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातले एकूण नोंदणी प्रमाण देशात २८.४ टक्के होते, महाराष्ट्रात ३५.३ टक्के आणि देशभरातल्या अनुसूचित जमातींमध्ये २१.२ टक्के. म्हणजे पुढारलेल्या म्हणवणाऱ्या आपल्या राज्यातही जवळपास दोन-तृतीयांश मुले या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतात. आणि उंबरठा ओलांडणे केवळ फीच्या पैशांवर ठरत नाही. ज्या घरात आजवर कुणी पदवीधर झाले नाही, त्या घरात ‘आपल्याला जमेल का’ हा प्रश्न फीइतकाच भारी असतो. त्याचे उत्तर समुपदेशनाच्या भाषणाने मिळत नाही. एक पेपर प्रत्यक्ष पास झाला की मिळते.

याला पुरावा आहे, आणि तो अमेरिकेतून येतो, कारण हा प्रयोग तिथे सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये शाळकरी मुलांना कॉलेजचे विषय घेण्याची मुभा कायद्याने दिली, पुढे इतर राज्ये मागोमाग आली. २०२२-२३ मध्ये तिथे सुमारे २५ लाख शाळकरी मुले कॉलेजचा किमान एक विषय शिकत होती. आकडा मोठा असला तरी त्यावरून फायदा सिद्ध होत नाही. असे विषय मुळात हुशार मुलेच घेत असतील, तर ती पुढे शिकली यात नवल काय? म्हणून इथे एक अभ्यास मोलाचा ठरतो. गरीब घरांतल्या आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढू पाहणाऱ्या मुलांसाठी तिथे ‘अर्ली कॉलेज’ नावाच्या शाळा निघाल्या. काही शाळांत जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले गेले. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुले दोन्ही इच्छुकच होती, फरक होता तो नशिबाचा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पाहणीच्या काळापर्यंत चिठ्ठी निघालेल्यांपैकी २२ टक्के मुलांनी कॉलेजची कुठली तरी पदवी मिळवली होती, न निघालेल्यांपैकी २ टक्क्यांनी. या पदव्यांत बहुतांश दोन वर्षांच्या होत्या आणि त्या शाळांत मुलांना आधारही भरपूर मिळत होता, हे लक्षात घेऊनही फरक डोळ्यांत भरणारा आहे. मुले निवडून घेतल्यामुळे तो पडला, असे इथे म्हणता येत नाही.

आपल्याकडे कायद्याची जमीन आता बरीच नांगरून झाली आहे. श्रेयांक साठवणारी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ २०२१ मध्ये आली. बचत खात्यात पैसे जमा व्हावेत तसे शिकलेले त्यात जमा होते आणि जास्तीत जास्त ७ वर्षे टिकते. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर शाळा, कौशल्यशिक्षण आणि विद्यापीठ एकाच मोजपट्टीवर आणले. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे एकूण शिकणे. त्यात दहावीची पातळी ३, बारावीची ४ आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची साडेचार. कागदावर बारावी आणि एफवाय यांच्यात आता अर्ध्या पायरीचेच अंतर आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन पदवीने एक वाटही दाखवली: बारावीत असतानाच पात्रता परीक्षा द्या आणि बारावी पास झाल्यावर रुजू व्हा. राहिले आहे ते शेवटचे काम. पदवीच्या प्रवेशाला बारावी पास ही अट आहे आणि ती राहावी. पण त्याआधी मिळवलेले दोन-चार श्रेयांक खात्यात थांबून राहतील आणि बारावी पास होताच जिवंत होतील, एवढा नियम मंडळ आणि विद्यापीठ यांनी मिळून करायला हवा.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पालकांचा असेल: आधीच बोर्ड, सीईटी, क्लास, त्यात हे आणखी एक ओझे कशाला? विज्ञान शाखेच्या मुलांबाबत तो रास्त आहे आणि त्यांच्यावर हा पेपर लादण्याचे काहीच कारण नाही. पण चौक-कर्जत भागातली सगळीच मुले नीट-जेईईच्या रांगेत नाहीत. कला-वाणिज्यच्या मुलांची अडचण पुष्कळदा उलटी असते. अकरावीची परीक्षा कॉलेजच्याच हाती, त्यामुळे ते वर्ष ‘आरामाचे’ मानले जाते, आणि आरामाच्या वर्षात वर्गात येण्याची सवयच सुटते. दिवाळीनंतरच्या सत्रात दोन श्रेयांकांचा एक पेपर म्हणजे वर्गातले साधारण तीस तास, आठवड्याला दोन. हे ओझे म्हणता येणार नाही. रिकाम्या वर्षाला त्याने एक खुंटी मिळते. मात्र एक पथ्य पाळायला हवे. या पेपरच्या गुणांचा कुठल्याही गुणवत्ता यादीशी संबंध असू नये. ज्या दिवशी त्यावर प्रवेशाचा अर्धा टक्का जरी अवलंबून राहील, त्या दिवशी पनवेलमध्ये त्याचा क्लास निघेल आणि मूळ हेतू तिथेच संपेल.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांकडून येईल: अकरावीची मुले घ्यायची म्हणजे पेपर सोपा करावा लागेल. ही भीती खोटी नाही. ‘कॉलेजचा विषय’ असे नाव देऊन शाळेचाच धडा पुन्हा शिकवला, तर मुलांची फसवणूक होईल. म्हणून पेपर एफवायचाच हवा, प्रश्नपत्रिका तीच आणि तपासणीही तीच. नापास झाले तर खात्यात काही जमा होणार नाही, पण गुणपत्रिकेवर डागही पडणार नाही. शिवाय काठिण्य म्हणजे पुस्तकाची जाडी नव्हे. या भागात पाताळगंगेचेच उदाहरण घ्या. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, घाटमाथ्यावरचे पाणी वीज करून खाली उतरले आणि या नदीला मिळाले. त्या पाण्यावर पुढे खालच्या अंगाला उद्योग आणि नळयोजना उभ्या राहिल्या. चौकजवळच्या मोरबे धरणाचे पाणी तर नवी मुंबईला जाते. पाणी कुठून येते, कुणाला मिळते, कुणाला मिळत नाही, याचा भूगोलाचा दोन श्रेयांकांचा पेपर नकाशा, मोजमाप आणि गावातल्या माणसांशी बोलून केला, तर सोळा वर्षांच्या मुलीला तो नक्की झेपेल, आणि गाइडवरून उतरवून काढता येणार नाही. शाळेच्या आणि कॉलेजच्या अभ्यासातला खरा फरक तिला तिथे कळेल: उत्तर पाठ करायचे नसते, शोधायचे असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो या कल्पनेच्या समर्थकांनीच स्वतःला विचारायला हवा. अशा सोयी शेवटी ज्यांना आधीच सगळे मिळते त्यांनाच मिळतात. अमेरिकेतही ही वाट रुंद झाली तेव्हा तिच्यावर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले त्यांच्या संख्येच्या मानाने कमीच दिसली. आपल्याकडे हे ऑनलाइनवर सोडले तर तसेच होईल. २०१७ पासून ‘स्वयम्’वर हजारो तासांचे शिक्षण फुकट आहे, पण वाडीवर नेटवर्क नसताना आणि घरात एकच मोबाइल असताना ते मुंबईतल्या मुलासाठी जास्त फुकट असते. म्हणून चौकसाठी हे दार इमारतीतच पडायला हवे. जिथे ज्युनियर आणि सीनियर एकाच आवारात आहेत तिथून सुरुवात करावी. एफवायच्या वर्गात चार-पाच जागा अकरावीसाठी ठेवाव्यात, फी घेऊ नये आणि पहिली नावे ज्या घरात अजून कुणी पदवीधर नाही त्या घरातली असावीत. प्राध्यापक तिथे आहे, फळा तिथे आहे, वेळापत्रकही तिथे आहे. वर्गात आणखी पाच मुले बसवायला सरकारला नवी इमारत बांधावी लागत नाही.

या पेपरने प्रत्येक मूल पदवीधर होईल असा दावा कुणी करू नये. एसटी वेळेवर येणे, वसतिगृह मिळणे, शिष्यवृत्ती वेळेत जमा होणे, या गोष्टींची जागा श्रेयांक घेऊ शकत नाहीत. पण बारावीच्या निकालानंतर घरात जो प्रश्न उठतो, त्याचे रूप एवढ्यानेही बदलते. आज तो प्रश्न असतो, ‘पुढे शिकायला सुरुवात करायची का?’ आणि नव्याने सुरुवात करायला गरीब घर बिचकते. खात्यात दोन श्रेयांक असतील तर प्रश्न होतो, ‘अर्धवट आहे, ते पुरे करायचे ना?’ कंपनीत लागलेला मुलगा तीन वर्षांनी, लग्न झालेली मुलगी पाच वर्षांनी परत येऊ पाहील, तेव्हा त्यांच्या नावावर काहीतरी शिल्लक असेल. आपल्या घरांत सुरू केलेले काम अर्धवट टाकायला माणूस कचरतो. न सुरू केलेल्याची मात्र कुणी विचारपूस करत नाही.