कालचा तबेला, आजचा सुपरस्टार!

माहीत आहे का, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्राचे संदेश ब्रिटिशांनी पहिल्यांदा फोडले ते एका तबेल्याच्या आवारात? ठिकाण ब्लेचली पार्क, बकिंगहमशायर. महिना जानेवारी, साल 1940. आणि कोड फोडणारी टीम बसली होती कॉटेज नंबर तीनमध्ये, जिथे पूर्वी शेजार होता घोड्यांचा आणि बग्ग्यांचा!

ही इस्टेट 1883मध्ये हर्बर्ट लिऑन या शेअर दलालाने घेतली. पैसा आला, हौस आली, बंगला वाढत गेला. थोडं गॉथिक, थोडं ट्यूडर, थोडं डच... फुल मिसळ, तर्री मारके! मागे तबेल्याचं आवार. 1938मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख ॲडमिरल सिंक्लेअर यांनी ही जागा विकत घेतली. तीही, सांगतात, स्वतःच्या खिशातून!

पण एक मिनिट, तबेल्याचं डिझाइन म्हणजे चार भिंती आणि वर पत्रे असं वाटतं का तुम्हाला? मग व्हिक्टोरियन इंजिनिअरिंगचा ट्रेलर बघाच.

फरशी: स्टॅफर्डशायरच्या निळसर, दगडासारख्या टणक विटा. त्यांत मुद्दाम पाडलेल्या खाचा. पाणी झरकन वाहून जातं आणि घोड्याचा पाय घसरत नाही. टू इन वन!

छप्पर: माथ्यावरचा तो गोंडस मनोरा फक्त फोटोसाठी नव्हता. त्याच्या झडपांमधून गरम, कुबट हवा वर निघून जायची. वीज नाही, पंखा नाही, तरी व्हेंटिलेशन चालू. मनोऱ्यावर घड्याळ असलं तर सगळी इस्टेट त्याच्या ठोक्यावर पळायची.

गव्हाणी, जाळ्या, ठाणांमधले खांब हे सगळं बिडाचं, कॅटलॉग बघून मागवायचं. बेलफास्टची मसग्रेव्ह कंपनी यात एकदम ब्रँडेड नाव! राजेशाही घोड्याला मोकळी खोली मिळायची, म्हणजे लूज बॉक्स. तिथे त्याला बांधायची गरजच नाही. बाकीच्यांना आपापलं ठाण.

आणि बग्गी? ती ठेवायची वेगळ्या खोलीत. का, माहीत आहे का? घोड्यांच्या मुतातून निघणाऱ्या अमोनियाने बग्गीचं महागडं व्हार्निश खराब व्हायचं! आपल्या पार्किंगच्या भांडणांना केमिस्ट्रीचं कारण नसतं, तिथे होतं.

चला, परत ब्लेचलीला. कारण खरी धमाल तिथेच आहे.

कॉटेजमधल्या टीमचे कॅप्टन होते डिली नॉक्स, प्राचीन ग्रीक हस्तलिखितांचे पंडित. गणितज्ञ ॲलन ट्यूरिंगही काही काळ याच आवारातल्या माळ्यावर बसून काम करायचा. त्याची कॉफी आणि सँडविच कप्पीला टोपली बांधून वर चढवली जायची, अशी गोष्ट सांगतात. स्विगी, झोमॅटो नंतर आले हो!

आता ऐका मेव्हिस लिव्हरची गोष्ट. वय 19, कॉलेजात जर्मन शिकत होती, ते सोडून इथे आली. एकदा इटालियन नौदलाचा (तेही एनिग्माच वापरायचे) एक लांबलचक संदेश तिच्या हाती आला. तिने बघितलं आणि चमकली. अख्ख्या मजकुरात ‘एल’ हे अक्षर एकदाही नव्हतं! झालं, घोडं कुठे अडलं होतं ते तिला कळलं. एनिग्मा यंत्र कुठल्याही अक्षराच्या जागी तेच अक्षर कधीच देत नाही. म्हणजे पलीकडच्या ऑपरेटरने टेस्टिंगसाठी नुसतं ‘एल’चं बटण दाबत ठेवलं होतं. कंटाळलेला एक माणूस, चाणाक्ष एक पोरगी, आणि यंत्राच्या आतल्या जोडणीचा पत्ता लागला! सगळ्या कहाणीत मला सर्वांत आवडतो तो हाच क्षण.

मार्च 1941मध्ये इटालियन आरमार बाहेर पडणार, हे याच टीमने आधी ओळखलं. मग केप मॅटापानची लढाई झाली आणि इटलीच्या तीन मोठ्या क्रूझर समुद्राच्या तळाशी गेल्या. युद्ध संपल्यावर मेव्हिस काय झाली, माहीत आहे का? बागांच्या इतिहासाची नामवंत अभ्यासक! कोड आणि कळ्या, दोन्हींची जाणकार.

पण पहिला सलाम पोलंडला. तिथल्या गणितज्ञांनी 1932मध्येच एनिग्मा भेदला होता. त्यांचं स्मारक 2002पासून उभं आहे ते याच तबेल्याच्या आवारात. जागा अगदी अचूक निवडली, नाही?

अजून हवंय? चला, रूप पालटलेल्या आणखी तबेल्यांकडे सुसाट निघू!

इंग्लंडमधल्याच बक्सटनला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा तबेला 1780च्या दशकातला, 110 घोड्यांचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्याचं हॉस्पिटल झालं. 1881मध्ये मधल्या मोकळ्या अंगणावर घुमट चढला, व्यास 44 मीटरहून जास्त. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटापेक्षाही मोठा! पुढे तिथे युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आला.

ब्लेचलीच्या जवळच वेवंडनला गायिका क्लिओ लेन आणि संगीतकार जॉन डँकवर्थ यांनी 1970मध्ये घराच्या जुन्या तबेल्यात जाझच्या मैफिली सुरू केल्या. थिएटरचं नाव काय ठेवलं? ‘द स्टेबल्स’!

वॉडेस्डनला रॉथशिल्ड या धनाढ्य घराण्याच्या फ्रेंच ढंगाच्या तबेल्यात हल्ली कॅफे आहे, बग्गीखान्यात आर्ट गॅलरी. जिथे घोडे रातब खायचे, तिथे माणसं स्कोन खातात.

आणि ब्रायटन! तिथे पुढे प्रिन्स रीजंट झालेल्या इंग्लंडच्या युवराजाने 1808पर्यंत भारतीय धाटणीचा घुमटाकार तबेला उभारला. स्वतःच्या महालावर तसे घुमट चढले ते नंतर. म्हणजे आधी घोड्यांचा थाट, मग राजपुत्राचा! 1867मध्ये तबेल्याचा कॉन्सर्ट हॉल झाला. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं. आणि 6 एप्रिल 1974च्या रात्री त्याच हॉलमध्ये स्वीडनचा एक बँड ‘वॉटर्लू’ गाऊन युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकला. बँडचं नाव? ॲबा!