फोटो कापायचा की नाही?

'खरा फोटोग्राफर क्रॉप करत नाही' असं म्हणणारे हटकून आंरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतात. पण पॅरिसमध्ये 1932 साली साठलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा जगप्रसिद्ध फोटो कापलेलाच आहे. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून टिपताना डावीकडे फळी आडवी आली, ती त्याने छाटली. अर्नोल्ड न्यूमनने तर 1946 मध्ये स्ट्राविन्स्कीच्या पोर्ट्रेटला बेधडक कात्री लावली. संगीतकार एका कोपऱ्यात आणि चौकटभर पियानोचं उघडलेलं काळं झाकण! हा फोटो घडला तो कापल्यावर.

मुळात ज्या चौकटीचं पावित्र्य जपायचं, ती तरी कुठून आली? ऑस्कर बार्नाकने लायकासाठी 35 मिमी सिनेफिल्मच्या दोन चौकटी जोडल्या, 24×36 मिमी झालं आणि 3:2 हे प्रमाण रूढ झालं. बहुतेक मोबाइल 4:3 देतात. म्हणजे हे प्रमाण दृश्य बघून नव्हे, यंत्राच्या सोयीने ठरलेलं. शिवाय 3:2 चा फोटो 8×10 इंची कागदावर पूर्ण भरून छापला, तर लांबीचा सहावा हिस्सा जातोच. तो कुठून जाणार हे लॅबवाल्यावर का सोडायचं?

क्रॉपने पिक्सेल घटतात, हा आक्षेप खरा. 6000×4000 मधून चौरस काढला की 24 मेगापिक्सेलचे 16 उरतात. घरगुती प्रिंटला तेवढे भरपूर. मात्र लांबून टिपलेला पक्षी कापून मोठा केला, तर पिसांचा बारकावा काही उगवत नाही. तिथे पुढे सरकणंच भाग आहे.