पावसाआधी गच्चीवर चार बादल्या पाणी ओता

मे 2021 मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. 28 मेच्या दुर्घटनेत सात जण गेले. स्लॅब कमजोर व्हायला कारणं बरीच, पण साचलेलं पाणी आपल्या हातातलं. पाणी मुरतं, सळई गंजून फुगते, काँक्रीट सुटतं.

अंबरनाथ-बदलापूरपर्यंत आपली घरं काय, मशिदी-मदरसे काय, गच्ची सपाटच. कोब्याला पाइपाच्या तोंडाकडे दहा फुटांना किमान सव्वा इंच उतार हवा. कडेच्या पन्हळीलाही उतार लागतोच, हे मिस्त्रीसुद्धा विसरतात.

आम्ही सांगतो ते सोपं आहे. आधी जाळीतला कचरा काढा, मग पाणी ओता. तासाभरानं जिथं डबकं राहील तिथं खडूनं गोल काढून मिस्त्रीला दाखवा. वरून नुसतं डांबर फासलं, तर डबकं तिथंच राहतं.