साथीदाराची आडकाठी

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा एक विलक्षण बैठा खेळ प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन नगरे, दऱ्या, शत्रू कल्पितो. इतर खेळाडू एकेका पात्राचे सोंग घेऊन त्या जगात काय करावयाचे ते स्वतः ठरवितात. सूत्रधाराने कथानक आधी किती बांधून ठेवावे, हा या खेळातील जुना वाद आहे. सारेच बांधले तर खेळाडूंच्या कठपुतळ्या होतात. काहीच न बांधले तर खेळ भरकटतो.

तुळजाभवानीचा गोंधळ ज्याने रात्रभर ऐकला आहे, त्याला हा वाद परका वाटणार नाही. धाराशिव जिल्ह्यात लग्नानंतर गोंधळ घालण्याचा कुलाचार अनेक घरांत पाळला जातो. देवदेवतांना आवाहन झाले की उत्तररंगात आख्यान लागते. संबळ-तुणतुण्याच्या साथीवर नायक कथा पुढे नेतो आणि साथीदार ती अडवितो. राजा शिकारीला निघाला म्हणावे, तर हा विचारणार, 'का हो, राजाच्या घरात पीठ सरलं हुतं काय?' श्रोते हसतात. नायकाला तत्क्षणी उत्तर द्यावे लागते आणि त्या उत्तरातूनच राजाला पुन्हा रानात न्यावे लागते. शेवट सर्वांना ठाऊक असतो. वाट मात्र त्या रात्रीपुरती असते. अमेरिकन खेळात शेवटही मोकळा असतो, हा भेद अर्थातच लहान नव्हे.

तमाशाच्या वगाचेही असेच. आराखडा ठरलेला, संवाद हजरजबाबी. १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'ची संहिता वसंत सबनिसांची. तरी दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवर कोट्या करीत. महाराष्ट्रात मात्र प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, असा दंडक आहे. जे वाक्य रंगमंचावरच जन्मावयाचे, ते आदल्या महिन्यात कागदावर कोठून आणावे? येथे नियोजन आणि नियंत्रण यांची गल्लत झाली आहे. कालव्याचे पाणी केव्हा सुटेल हे आधी ठरविणे, हे नियोजन. त्या पाण्यावर शेतकऱ्याने उद्या कोणत्या वाफ्यात उभे राहावे हेही लिहून देणे, हे काही निराळेच.

गोंधळाचा नायक ही गल्लत करीत नाही. आख्यानाचे टप्पे, पात्रे, गाण्यांच्या जागा त्याच्या मनात पक्क्या असतात. म्हणूनच साथीदाराला तो निर्धास्तपणे मोकळे सोडू शकतो. ज्याची तयारी कच्ची, त्याला प्रश्नाची भीती वाटते. मग तो संबळवाल्याला खूण करतो, वाद्याच्या गजरात प्रश्न बुडतो, आणि मांडवातल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहतात.