जाळ्याच्या आसावर तलावाचे भवितव्य

तलावातील मासळी का घटते, या प्रश्नाला 'बेसुमार मासेमारी' हे ठरलेले उत्तर असते. मात्र, किती मासे पकडले याइतकेच कोणत्या आकाराचे पकडले, हेही महत्त्वाचे असते. ते ठरते जाळ्याच्या आसावरून, म्हणजेच विणीतील छिद्राच्या मापावरून.

जाळे मासे कसे निवडते?

गिलनेट पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. बारीक मासा त्यातून आरपार निघून जातो, फार मोठ्या माशाचे डोके आसात शिरत नाही आणि मधल्या आकाराचा मासा कल्ल्यांपाशी अडकतो. ओढून आणायच्या जाळ्यातून मात्र लहान मासे निसटले, तरी मोठ्यांची सुटका नसते. यालाच जाळ्याची निवडक्षमता म्हणतात.

आस लहान झाला की नुकसान दुहेरी होते. वजन वाढण्याआधीच मासा पकडला गेल्याने उत्पन्न घटते आणि एकदाही अंडी न घालता तो संपल्याने पुढची पिढी धोक्यात येते.

व्हिक्टोरियाचा धडा

पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराने याची किंमत मोजली आहे. १९२७-२८ मध्ये मायकेल ग्रॅहॅम यांनी तेथील मासेमारीची पाहणी केली आणि किमान पाच इंची आसाची शिफारस केली. त्यानुसार नियम झाला. मात्र, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात युगांडा व टांगानिका येथे ही मर्यादा उठविण्यात आली. बारीक जाळ्यांचा वापर वाढला आणि 'न्गेगे' या स्थानिक तिलापियाचे साठे ढासळले. पुढे सरोवरात सोडलेल्या नाईल पर्च या शिकारी माशाने मूळ प्रजातींवरील संकट अधिक गडद केले.

नंतर नाईल पर्चसाठीच ५० ते ८५ सेंटिमीटर अशी मर्यादा ठरविण्यात आली होती. लहान माशांना वाढू द्यावे आणि विपुल अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या राखाव्यात, हा त्यामागील हेतू. नियम मोडणाऱ्यांविरुद्ध युगांडाने २०१७ मध्ये लष्कर उतरविले. बेकायदा जाळी व होड्या नष्ट करण्यात आल्या. पण गरीब मच्छिमारांवर अत्याचार झाल्याचे आरोपही झाले.

सर्वांना एकच माप नाही

बारीक आस नेहमीच घातक, असेही नाही. याच सरोवरातील 'डागा' हा चिमुकला मासा बारीक जाळ्यानेच पकडावा लागतो. तो झपाट्याने वाढतो आणि गरिबांच्या ताटात पोहोचतो. धोका असतो तो त्याच जाळ्यात सापडणाऱ्या मोठ्या जातींच्या पिलांना.

महाराष्ट्रातील जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत. त्यामुळे बारीक जाळ्याने प्रामुख्याने तोटा होतो तो बीजावरील खर्चाचा. काही महिने थांबल्यास किलोभर वजन देऊ शकणारा मासा बोटभर असतानाच बाजारात जातो. अर्थात, आज चूल पेटण्याची भ्रांत असलेल्या मच्छिमाराला थांबणे परवडले पाहिजे. तशी सोय नसेल, तर आसाचा नियम कागदावरच राहतो.