मापाचं पाणी

बाग म्हटली की आपल्या मराठी मनाला आधी पाणी आठवतं. विहीर, पाट, जाईचा मांडव, ओल्या मातीचा वास. पण जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी एक बाग आहे, तिथे यातलं काही नाही. तिचं नाव राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. सुमारे ७० हेक्टर ज्वालामुखीजन्य खडक, आणि त्या खडकाच्या भेगांत रुजलेली वाळवंटातली झाडं.

या फेब्रुवारीत मी ती पाहिली. माझी मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी थकली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास डायलिसिस, आणि मला नेमून दिलेलं दिवसाचं एक लिटर पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, गोळी गिळायचा घोटही आला. बँकेत मी तेहेतीस वर्षं लोकांच्या खात्यांवर नजर ठेवली. आता माझ्या पेल्यावर सारं घर नजर ठेवतं. अंगात साठलेलं जादा पाणी काढून रुग्णाला ज्या वजनावर आणायचं, त्याला डॉक्टर ‘ड्राय वेट’ म्हणतात. कोरडं वजन! म्हणजे वाळवंट माझ्या केसपेपरवर आधीच लिहिलेलं होतं.

असं दुखणं जडलं की एकेक गोष्ट सुटत जाते. आधी प्रवास, मग लग्नकार्यं, मग नाटक. रुग्णाबरोबर ती घरच्यांचीही सुटतात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जावयांची बदली जोधपूरला झाली, तरी दीड वर्षं मुलीचं घर आम्ही फोटोतच पाहिलं. मी विषय काढला की सौ. म्हणायची, “अहो, कशाला विषाची परीक्षा?”

अखेर मुलीनेच तिथल्या एका रुग्णालयात माझ्यासाठी वेळ मागून घेतली. काविळीच्या बी आणि सी विषाणूंच्या व एचआयव्हीच्या तपासण्यांचे ताजे अहवाल, डायलिसिसच्या नोंदी, ड्राय वेट, औषधांची यादी, अशी कर्जप्रकरणासारखी जाडजूड फाइल तयार झाली. शुक्रवारी इथे डायलिसिस, शनिवारी गाडी, सोमवारी तिथलं यंत्र, मंगळवार मोकळा. कोणाच्या घरी असा रुग्ण असेल तर मुद्दाम सांगतो: डॉक्टरांच्या सल्ल्याने, आधी वेळ ठरवून हे जमू शकतं.

तर त्या मंगळवारी सकाळी आम्ही बागेत पोचलो. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. मेहरानगड म्युझियम ट्रस्टने २००६ मध्ये हे काम प्रदीप क्रिशन यांच्याकडे सोपवलं. ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ हे पुस्तक लिहिणारे तेच. तेव्हा त्या खडकावर वेडी बाभूळ माजली होती. ती मूळची अमेरिका खंडातली. मारवाडात तिला ‘बावळिया’ म्हणतात, म्हणजे तिथेही ती वेडीच ठरली! वरून तोडली की पुन्हा फुटते. मग दगडाच्या खाणीत काम करणारे खांडवालिया बोलावले गेले. खडकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून दगडाची जात ओळखणारी ही माणसं. त्यांनी छिन्नी-हातोडीने मुळं खणून काढली, आणि त्याच खड्ड्यांत इथल्या मातीतली झाडं लावली गेली. २०११ मध्ये बाग लोकांसाठी उघडली.

वाटेत थोर जागोजाग दिसतो. आपण त्याला कॅक्टस समजतो, पण कॅक्टसचं कूळ अमेरिकेतलं. हा चिकाचा निवडुंग. पाऊस पडला की त्याला पानं फुटतात, ओल सरली की तो ती टाकून देतो आणि हिरव्या खोडावर अन्न बनवतो. धुपामुळे आणि औषधांमुळे आपल्याला नावाने ठाऊक असलेला गुग्गुळ वर्षाचा बराच काळ निष्पर्ण उभा असतो. केरचं झुडूपही तसंच, जवळजवळ बिनपानांचं. त्याच्या फळांचं लोणचं मुलीच्या घरी होतं. पण मीठ म्हणजे तहान, म्हणून मी नुसता वास घेतला. रोहिडा मात्र केशरी फुलांनी भरला होता.

आजारी माणसाला झाडं दाखवून “बघा, कशी तग धरतात!” असं सांगायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. थोर तग धरत नाही. तो आपल्या घरी आहे. त्याला रोज झारीने पाणी घातलं तर तो कुजेल. मला तहान लागते, आणि ती कुठल्याही झाडाकडे बघून भागत नाही. मला आवडली ती दुसरीच गोष्ट. तिथे पाणी कमी असणं ही कोणाला अडचण वाटत नव्हती. सारी बागच त्या मापात बसवलेली होती, आणि तरी ती बागच होती.

माझ्याजवळ दोनशे मिलिलिटरची छोटी बाटली होती. पायवाट निम्मीच चाललो. दम लागला तिथे दगडावर बसलो. सौ. मात्र वाटाड्याबरोबर पुढे गेली. दर झाडाचं नाव विचारून जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहीत होती. दोन तासांत तिने माझ्या बाटलीकडे एकदाही पाहिलं नाही. तीन वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

बुधवारी पुन्हा सुया, पुन्हा यंत्र. सौ. शेजारी बसून तिची यादी वाचत होती. पावसाळ्यात थोराला पानं येतात, ती तिला बघायची आहेत. ऑगस्टातल्या एका आठवड्यासाठी मुलीने त्या रुग्णालयात विचारूनही ठेवलं आहे.